भरलेला हप्ता वाया गेला काय?



गेल्या आषाढातली गोष्ट. पाऊस धरून आला होता. रानात शिरायची सोय नव्हती, म्हणून गट कचेरीच्या ओसरीवर चार-सहा सभासद टेकले होते. शेतकी ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी पाय सवयीने कचेरीकडेच वळतात. बोलता बोलता एक सभासद म्हणाले, "आण्णा, अपघात विम्याचे पैसे दरसाल खात्यातून कापून जातात. सात-आठ वर्षं झाली, एक छदाम परत आला नाही. हे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे की!"

मी म्हटले, "मग काय, वसूल करायला एखादा हात मोडून घ्यायचा होता का?"

सगळे हसले आणि विषय तेवढ्यावर राहिला. परंतु घरी आल्यावर माझ्या मनातून तो प्रश्न जाईना. कारण प्रश्न खुळा नव्हता. आपण शेतकरी माणसे. कांडी लावली की कोंब दिसतो, खत टाकले की पान हिरवे होते, कारखान्याला ऊस घातला की बिल येते. विम्याच्या हप्त्याचे तसे नाही. पैसा जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यांना दिसेल असे काही परत येत नाही. मग माणसाने हा हप्ता भरावा तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर विमा कोठून आला आणि कसा वाढला, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

पावतीशिवायचा विमा

विमा हा शब्द ऐकला की आपल्याला एजंट, फॉर्म आणि बारीक अक्षरांतल्या अटी आठवतात. पण पावतीशिवायचा विमा आपल्या गावात पूर्वापार होता. कुणाचा बैल ऐन पेरणीत बसला, तर चार शेजारी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम उरकून देत. मालकाने फक्त जेवण घालायचे. हीच इर्जिक. दोन घरांनी एकमेकांच्या कामाला जायचे, ती सावड. कुणाचे छप्पर जळाले तर कुणी वासा द्यायचा, कुणी पेंढ्या द्यायच्या, कुणी पायलीभर जोंधळे आणून टाकायचे. आज मी तुझ्या कामाला आलो, उद्या माझ्यावर वेळ आली तर तू ये, एवढाच करार. ज्याच्या घरावर कधीच आपत्ती आली नाही, तो काही "माझी इर्जिक वाया गेली" असे म्हणत नसे.

पण या व्यवस्थेला एक मोठी मर्यादा होती. एकाचे छप्पर जळाले तर गाव उभे करील. सगळे गावच होरपळले तर कोणी कोणाला उभे करायचे? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगायला नको. विहिरी कोरड्या पडल्या, दावणीची जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. ज्याच्या दारात मदतीला जावे, तोच आपल्या दारात उभा, अशी गत झाली. इर्जिकीची माणसे होती, त्यांचे मनही होते, पण देण्यासारखे कोणाजवळच काही उरले नव्हते.

यातून विम्याचा पहिला नियम ध्यानात येतो. संकट जेवढे मोठे, त्याहून मदतीचे रिंगण मोठे पाहिजे. विम्याचा सारा इतिहास म्हणजे हे रिंगण वाढवीत नेण्याचा इतिहास होय. आणि प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न राहिलाच आहे – या रिंगणात कोणाला घेतले, आणि कोणाला बाहेर ठेवले?

परमुलखातली गोष्ट

हा प्रश्न केवळ आपल्याच गावाला पडला असे नव्हे. आजचा इराक देश आहे त्या भागात, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हम्मुराबी नावाचा राजा होऊन गेला. त्याचे कायदे दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांतले एक कलम कर्जदार शेतकऱ्याचे आहे. वादळाने शेत बुडाले किंवा पाण्याअभावी धान्य पिकले नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये आणि त्या वर्षाचे व्याजही देऊ नये, असे ते सांगते. म्हणजे अस्मानी संकटाचा भार एकट्या शेतकऱ्याने सोसायचा नाही, हा विचार आजचा नाही.

पुढे समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी हाच विचार व्यवहारात आणला. जहाज बुडाले तर एक व्यापारी कायमचा बसतो. पण बऱ्याच व्यापाऱ्यांच्या जहाजांवर थोडी थोडी रक्कम घेतली तर एक जहाज बुडाल्याने कोणीच बसत नाही. इटलीतल्या जिनोव्हा शहरी १३४७ साली झालेला असा एक करार आज उपलब्ध आहे. विम्याचा सर्वांत जुना कागद म्हणून तो दाखवितात. १६६६ साली लंडन शहराला चार दिवस आग लागली आणि तेरा हजारांवर घरे जळाली. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तेथे घरांचा आगीचा विमा उतरविणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो, त्यातलाच हा प्रकार.

स्कॉटलंडमध्ये १७४४ साली चर्चच्या पाद्र्यांनी आपल्या मागे राहणाऱ्या विधवा व मुलांसाठी एक निधी उभारला. त्याची विशेष गोष्ट अशी की, त्यांनी देवाच्या भरवशावर रक्कम ठरविली नाही. दरवर्षी साधारण किती पाद्री वारतात, किती विधवा व किती मुले मागे राहतात, याची मोजदाद केली आणि तेवढा भार पेलेल असा हप्ता बसविला. कोण मरणार हे कोणालाच सांगता येत नाही, पण हजारांत साधारण किती मरणार हे हिशेबाने सांगता येते. हा हिशेब हीच विम्याची खरी पेरणी आहे. आपल्या कारखान्यात नाही का, एकेका सभासदाचा ऊस किती येईल ते सांगता येत नाही, पण सबंध कार्यक्षेत्राचा अंदाज शेतकी खाते हंगामाआधीच बांधते!

तरीसुद्धा येथवरचा विमा हा ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचाच होता. व्यापाऱ्याला जहाज होते, लंडनवाल्याला घर होते. ज्याच्याजवळ दोन हातांखेरीज काही नाही, त्याचे काय? हा प्रश्न जर्मनीत पुढे आला. कारखाने वाढले, मजूर आजारी पडू लागले, यंत्रात हात जाऊ लागले. तेथील चॅन्सेलर बिस्मार्क यांनी १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली म्हातारपणाचा व अपंगत्वाचा विमा कायद्याने आणला. आजारपणाच्या हप्त्यात दोन हिस्से कामगाराचे आणि एक हिस्सा मालकाचा. बिस्मार्क यांच्या मनात कामगारांचा कळवळा किती आणि समाजवाद्यांच्या मागे जाणारा कामगार आपल्याकडे वळविण्याचा हेतू किती, हा वेगळा विषय. पण एक गोष्ट ठरून गेली. विमा हा नुसता खाजगी सौदा राहिला नाही, तो समाजाने एकमेकांना दिलेला शब्द झाला.

आपल्या देशात

आपल्याकडे १८१८ साली कलकत्त्यात आयुर्विम्याची पहिली कंपनी निघाली, ती गोऱ्या लोकांसाठी. पुढे अशा कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेऊ लागल्या, तरी त्याच्याकडून जादा हप्ता घेत. त्याचे आयुष्य त्यांच्या लेखी हलके! १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरविला. 'म्युच्युअल' याचा अर्थ असा की विमा उतरविणारे तेच संस्थेचे मालक. ऊस घालणारा तोच कारखान्याचा मालक, हे आपल्याला नवीन नाही. सहकार आणि विमा ही सख्खी भावंडे आहेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

स्वातंत्र्यानंतर विमा शहरांतच घोटाळत होता. काही कंपन्या बुडाल्या, लोकांचे पैसे गेले. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. विमा खेड्यापर्यंत न्यावा आणि लोकांची बचत देशाच्या कामी यावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे १९७३ च्या पहिल्या तारखेपासून आग, वाहन वगैरेंचा सर्वसाधारण विमाही सरकारकडे आला. २००० सालापासून या धंद्यात पुन्हा खाजगी कंपन्या आल्या.

कामगारांसाठी १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. त्याची आखणी प्रा. भा. पुं. आडारकर यांनी १९४४ च्या अहवालात केली होती, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजनेचा प्रारंभ झाला. कामगार आजारी पडला तर दवाखाना, कामावर इजा झाली तर भरपाई, असे त्याचे स्वरूप. पण सभासदांनो, या कायद्यात हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांची नावे होती. म्हणजे रिंगण वाढले, तरी आपल्या गव्हाणीपाशी येऊन थांबले. तोडणीची माणसे तर त्याच्याही पलीकडे राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

पिकाचा विमा आणि दांडेकरांचा तोडगा

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. माणसाचा विमा झाला, घराचा झाला, मग पिकाचा का नाही? १९७२ च्या सुमारास गुजरातेत कपाशीवर तसा प्रयोग सुरू झाला. नंतर भुईमूग, गहू, बटाटा ही पिके घेतली, आपले राज्यही त्यात होते. प्रत्येक शेतकऱ्याचे शेत पाहून, त्याचे नुकसान ठरवून भरपाई द्यायची, अशी रीत होती. ऐकायला किती रास्त! पण १९७८-७९ पर्यंत त्यात शेतकरी आले अवघे ३,११०. हप्ता जमला साडेचार लाख रुपये आणि भरपाई गेली जवळजवळ ३८ लाख. योजना बंद पडली.

असे का झाले, याचा विचार पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी केला. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे. माझे रान कसे आहे हे मला पक्के ठाऊक असते, विमेवाल्याला ठाऊक नसते. म्हणून ज्याचे रान पडीच्या जवळचे, तोच विमा घ्यायला पुढे येणार. चांगल्या रानाचा धनी हप्ता भरणारच नाही. शिवाय विमा उतरवल्यावर औषध-पाण्याला हात आखडला तर ते कोण पाहणार? आणि लाखो शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन नुकसान मोजायला माणसे आणायची कोठून?

यावर त्यांनी तोडगा सुचविला तो क्षेत्राचा. एकेक शेत मोजू नका. एका भागातली काही शेते निवडा, तेथे पीक कापणीचे प्रयोग करा आणि त्या भागाचे सरासरी उत्पन्न काढा. ते ठरलेल्या पातळीखाली गेले तर त्या भागातल्या सर्व विमेदारांना त्या प्रमाणात भरपाई द्या. म्हणजे खोटेपणाला वाव राहत नाही, खर्च वाचतो आणि विमा पीककर्जाला जोडला तर चांगल्या व हलक्या, दोन्ही रानांचे धनी त्यात येतात.

१९७९ साली या धर्तीवर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४-८५ पर्यंत १३ राज्यांतले सुमारे सव्वासहा लाख शेतकरी त्यात आले. १९८५ च्या खरिपापासून ती देशव्यापी झाली. १९९९ साली तिच्या जागी राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना. हिच्यात शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्क्यांपर्यंत ठरविला, उरलेला भार केंद्र व राज्य सरकारांनी उचलायचा. २०२० पासून कर्जदारालाही विम्याची सक्ती राहिली नाही.

क्षेत्राच्या या पद्धतीवर आपल्या लोकांचा राग आहे, आणि तो अगदीच गैर नाही. "माझं रान ओढ्याच्या पुरानं खरवडून गेलं, मंडळाची सरासरी मात्र बरी निघाली, मला दमडी नाही," असे सांगणारे मला भेटले आहेत. त्यांचे दुःख खरे आहे. ही पद्धत सगळ्यांवर एकदम येणाऱ्या दुष्काळाला चालते, एकट्यावर येणाऱ्या संकटाला अपुरी पडते. तारेच्या ठिणगीने एकाचाच फड पेटला, तर तालुक्याच्या सरासरीत त्याचा धूरसुद्धा दिसणार नाही. त्याला जळिताची तोड लवकर मिळेल, कपातही सोसावी लागेल, पण पीकविमा तेथे कामाला येत नाही. कोणता विमा कोणत्या संकटाचा, हे समजून न घेता हप्ता भरला की पदरी निराशा येते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यात शेतकऱ्याचा हिस्सा सरकारने भरला आणि पीकविमा एका रुपयात मिळू लागला. तेव्हा न पेरलेल्या रानावर, दुसऱ्याच्या जमिनीवर विमे उतरविल्याची प्रकरणे राज्यभर उघडकीला आली. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. दांडेकरांनी जी भीती पन्नास वर्षांपूर्वी सांगितली, तीच ही. खोटा दावा सरकारला बुडवितो असे आपल्याला वाटते, पण तो बुडवितो खऱ्या नुकसानीवाल्या शेजाऱ्याला.

पागे साहेबांची हमी

विमा म्हटले की हप्ता आणि पॉलिसी असलीच पाहिजे असे नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडीत होती. त्यातूनच आपली रोजगार हमी योजना रुजली. तिचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. त्यांनी १९६५ साली विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला.

त्याचा पैसा कोठून आला? शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून, आणि ज्याच्या रानाला पाण्याची सोय आहे अशा बागायतदारावरच्या आकारातूनही. म्हणजे आपणही त्यात होतो. ज्याला पाणी आहे त्याने, ज्याला पाणी नाही त्याच्यासाठी चार पैसे दिले. हा विमाच नव्हे तर काय? मुंबईचा कारकून आणि माणदेशातला मजूर एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते, तरी एका रिंगणात आले. पुढे २००५ साली देशानेही रोजगार हमीचा कायदा केला, त्याची प्रेरणा आपल्या राज्यातली होती.

पिशवीतले कागद

आता घरची गोष्ट सांगतो. नाव गाव सांगत नाही, कारण ते घर आपल्यातलेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातला एक चाळिशीतला सभासद रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला गेला आणि मोटारीच्या स्टार्टरचा शॉक लागून जागीच गेला. घरच्यांचा आकांत चाललेला. भावकीतले लोक म्हणू लागले, "आता चिरफाड कशाला? उचला." पण गावच्या पोलीस पाटलांनी ऐकले नाही. पंचनामा करविला, शवविच्छेदनाला पाठविले. त्या वेळी लोकांनी त्यांना नावे ठेवली.

दिवस कार्य झाल्यावर त्याची बायको एक पिशवी घेऊन कचेरीत आली. म्हणाली, "आण्णा, ह्यांनी कागद ठेवलेत, त्यातलं काय कामाचं आहे तेवढं बघा." मी एकेक कागद बाहेर काढला. आयुर्विम्याची एक पॉलिसी होती. दोन वर्षे हप्ते भरून पुढे सोडून दिलेली, बंद पडलेली. बँकेचे पासबुक होते. त्याने अपघात विम्याच्या फॉर्मवर सही केलेली, वर्षाला २० रुपयांचा. पण उसाचे बिल सोसायटीच्या कर्जाला वळते होऊन मेअखेरीस खात्यात काहीच उरलेले नव्हते. हप्ता कापला गेला नाही आणि विमा तुटला. वीस रुपयांपायी दोन लाख गेले. आपल्या कारखान्याचा भाग दाखला होता. वारस म्हणून नाव होते ते त्याच्या वडिलांचे, आणि वडील तर त्याच्या आधीच वारलेले. तो भाग तिच्या नावावर व्हायला वारस दाखला, दिरांची संमती, हे सारे गोळा करता करता वर्ष उलटून गेले.

शेवटी कामाला आला तो एकच कागद, सात-बाराचा उतारा. त्यावर त्याचे नाव होते, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या शासनाच्या अपघात योजनेतून तिला दोन लाख रुपये मिळाले. तेसुद्धा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडता आला म्हणून. ज्या पोलीस पाटलांना नावे ठेवली, त्यांनीच त्या लेकरांच्या तोंडचा घास वाचविला. त्या पैशांतून तिने सोसायटीची थकबाकी भरली आणि लागणीचे बेणे घेतले. थोरली मुलगी शाळेतच राहिली. ऊस आजही आपल्या कारखान्याला येतो, तिच्या नावावर.

ही योजना मुळात २००५-०६ साली विमा म्हणून सुरू झाली. कंपन्यांकडे दावे अडकतात, नामंजूर होतात, अशी ओरड वाढत गेली. म्हणून २०२३ पासून कंपनीला मध्ये न घालता शासन स्वतः अनुदान देते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, असे तिचे आजचे नाव. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५, यांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो लगेच करावा.

आपण काय करावे

पाल्हाळ पुरे. सभासदांनी निदान एवढे करावे.

पहिले, भाग दाखला, बँक खाते, सोसायटी आणि विमा या चारही ठिकाणी वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते या महिन्यातच पाहून घ्या. लग्न झाले, वडील वारले, वाटणी झाली, तरी जुनेच नाव राहते.

दुसरे, बँक खात्यातून कापले जाणारे दोन विमे आहेत. अपघाताचा २० रुपयांचा, वय १८ ते ७०. आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी मिळणारा ४३६ रुपयांचा, वय १८ ते ५० पर्यंत घेता येतो. दोन्हींची रक्कम दोन-दोन लाख. मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे राहू द्या, आणि हप्ता कापला गेला की नाही ते पासबुकात पाहा.

तिसरे, जनावराचा विमा काढला असेल तर कानातला बिल्ला पडला की लगेच कळवून दुसरा मारून घ्या. बिल्ला नाही तर दावा नाही.

चौथे, ठेवीचे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई बँक बुडाल्यावर देशात ठेवींचा विमा आला, १ जानेवारी १९६२ पासून. तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे, २०२० पासून ते ५ लाखांचे आहे. बँकांना, सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला मात्र नाही. चार टक्के जादा व्याज पाहून सगळे उसाचे बिल एकाच ठिकाणी नेऊन टाकण्याआधी हे ध्यानात घ्या.

पाचवे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. आपले कागद कोठे ठेवले आहेत ते घरातल्या माणसाला सांगा, विशेषतः बायकोला. पिशवी ती उघडणार आहे, आपण नव्हे.

रिंगणाबाहेरची माणसे

मघाशी एक गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो. आपला ऊस तोडायला दर हंगामाला मराठवाड्यातून टोळ्या येतात. पहाटेच्या थंडीत कोयता चालतो, बाईमाणूस डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते, मुले पाचटावर झोपतात. कधी ट्रॉली उलटते, कधी बैलगाडी खड्ड्यात जाते, कधी खोपटाला आग लागते. उसाच्या साऱ्या धंद्यात सर्वांत जास्त जोखीम त्यांची, आणि सर्वांत कमी आसरा त्यांनाच. आज त्यांच्यासाठी शासनाचे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात. परंतु ज्याची नोंद नाही त्याला लाभ मिळणार कसा? टोळी फडात उतरली की मुकादमाला उचल किती, हे आपण विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे – माणसांची नोंदणी झाली आहे का? ओळखपत्रे आहेत का? विम्याच्या यादीत बायांची नावे आहेत का, की नुसती पुरुषांचीच? कोयता नवरा-बायकोचा मिळून एक धरतात, पण अपघात कोणालाही एकेकट्यालाच होतो.

वार्षिक सभेत आपण दराविषयी बोलतो, उताऱ्याविषयी बोलतो, आणि बोललेच पाहिजे. यंदा एका सभासदाने उठून हा प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. कारखाना उभा करताना आपल्या वडीलधाऱ्यांनी भाग घेतला, तेव्हा गाळप होईल की नाही याचीही खात्री नव्हती. एकट्याने जे होत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचे, या विश्वासावर त्यांनी पैसे टाकले. विमा म्हणजे त्याच विश्वासाचा दुसरा कागद.

राहता राहिला ओसरीवरच्या सभासदांचा प्रश्न. सात-आठ वर्षांचा हप्ता वाया गेला काय? परवा ते पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांना सांगितले, "तुमचे वीस रुपये कुठे गेले ते मला ठाऊक आहे. कुठल्याशा गावात एखाद्या बाईने त्यातून लेकराच्या शाळेची फी भरली असेल. तुमच्यावर वेळ आली नाही, म्हणून ते तिच्याकडे गेले. आणि वेळ आली असती, तर तिचे तुमच्याकडे आले असते."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आण्णा, यंदा बायकोच्या खात्यावरबी काढतो."